बरा चाललेला हिवाळा

मंगोलियात, उलानबातरच्या टेकडीवर कोणी कोणाच्या दारात गेलं की आधी विचारतं, "हिवाळा बरा चाललाय ना?" आणि घरातलं माणूस म्हणतं, "छान चाललाय." छपराला भोक पडलेलं असो नाहीतर पोटात अन्न नसो, उत्तर ठरलेलं. वाईट काही तोंडाने बोललं की ते घरात येऊन बसतं, असं सगळ्यांचंच मत, त्सेवेलमा म्हातारीचं तर जरा जास्तच. नातवाचं नाव तिने हट्टाने एनेबिश ठेवलं होतं, म्हणजे 'हा तो नव्हे'. काळ आलाच तर फसून पुढच्या घरी जावा, ही सोय.

कोळशाचा धूर मात्र असल्या नावांना फसत नाही. दोन वर्षांचं पोर खोकून खोकून निळं पडायचं. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या आईला, दुल्माला, स्पष्ट सांगितलं होतं, "जागा बदला नाहीतर चूल बदला. हा हिवाळा याची छाती सोसणार नाही." जागा बदलण्याची ऐपत नव्हती. नवरा दूर सरहद्दीवर ट्रक चालवत होता आणि त्याचा फोन लागला तर नशीब.

चूल बदलायची संधी शरदात दारापर्यंत येऊन परत गेली होती. वस्तीत एक योजना आली होती. कुठल्या घरात किती कोळसा जळतो, त्यातून किती कार्बन हवेत जातो याचा अंदाज काढायचा, आणि जिथे तो जास्त कमी होईल तिथे विजेचा हीटर आधी बसवायचा. मोजणीदार बातसुख आला तेव्हा दुल्मा पाणी भरायला गेली होती. म्हातारीने त्याला खारट दुधाचा चहा पाजला आणि घराण्याची अब्रू राखली. कोळसा? लागतो थोडासा, आमच्या गेरच्या तंबूची लोकर जाड आहे. पोर? ठणठणीत. त्यानेही भल्या माणसासारखं ऐकलं तसं लिहिलं. शेजारच्या पागमाने मात्र कोळसा संपला की टायर जाळतो हेसुद्धा सांगून टाकलं. थंडी पडायच्या आत तिच्याकडे हीटर आला.

"भिकारडी," म्हातारी तेव्हा म्हणाली होती. "पाहुण्यासमोर स्वतःच्या चुलीची बदनामी करते. तिच्या दारात पाय ठेवणार नाही मी."

दुल्माने खेटे घालघालून फेरमोजणी पदरात पाडून घेतली. आज बातसुख येणार होता.

"आई, घर तुमच्या नावावर आहे, उत्तर तुमचंच धरतात. आज तरी खरं सांगा."

"चुलीच्या देखत? अग्नीला सगळं ऐकू येतं, पोरी."

"आणि तुम्हाला याचा खोकला ऐकू येत नाही?"

सासूशी ती असं कधीच बोलली नव्हती. म्हातारी पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बातसुख आत आला, बूट झटकले. "हिवाळा बरा चाललाय ना, आजी?"

"छान..." म्हातारीचं तोंड सवयीने उघडलं. तेवढ्यात पोराला उबळ आली. इवलीशी छाती आत ओढली गेली ती लवकर वर येईना. म्हातारी उठली आणि चुलीकडे पाठ करून बसली. जन्मात तिने असं केलं नव्हतं.

"वाईट चाललाय," ती म्हणाली. "कोळसा पोत्यांनी लागतो. संपला की आम्हीपण टायरच जाळतो. मागच्या वेळी मी खोटं बोलले. नातू जायला टेकलाय माझा. लिही."

हेच ऐकायला दुल्मा तडफडत होती, पण ऐकताच तिने पोराला उचलून छातीशी धरलं.

बातसुखने पोती काट्याला लावली, लोकरीचे विरलेले थर चाचपले, फोनवर आकडेमोड केली. "तुमच्याकडे पागमाकाकूंपेक्षाही जास्त कार्बन वाचेल, आजी. यादीत तुमचं नाव सगळ्यात वर."

"मग आजच बसव."

तो मान खाली घालून टोपीशी चाळा करू लागला. "हीटरची केबल जमिनीखालून आणावी लागते. जमीन गोठून दगड झालीय, कुदळ लागत नाही. शरदात नाव असतं तर... आता बर्फ वितळल्यावर."

"बर्फ वितळेपर्यंत..." दुल्मा म्हणाली.

तो गेला. म्हातारीने चुलीत लोण्याचा गोळा टाकला आणि ओठातल्या ओठात क्षमा मागितली. मग पोराला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून, तोंडावर फडकं धरून ती बाहेर पडली.

"आई, कुठे निघालात?" दुल्मा मागे धावली. गल्लीत धुराने पुढचं दिसत नव्हतं.

पागमाने दार उघडलं. आतून बिनवासाची, कोरडी ऊब आली. समोर कोण आहे ते पाहून ती गोंधळली, आणि दुसरं काही न सुचून तिने नेहमीचंच विचारलं, "हिवाळा बरा चाललाय ना, त्सेवेलमा?"

"नाही," म्हातारी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली आणि पोर पुढे केलं. "मला नको. याला तेवढं आत घे."