हात वर केला की

दोनदा मी त्या खुर्चीतून उठून पळाले होते. पहिल्यांदा सुई बघून, दुसऱ्यांदा मशीनच्या नुसत्या आवाजानं. आज डॉक्टरीणबाईंनी माझ्या दाढेचा एक्स-रे उजेडात धरला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आज साफ केली तर दाढ राहील. आणखी लांबवलंत, तर काढावीच लागेल."

मी मान हलवली. मान हलवण्यापलीकडे अंगात काही उरलंच नव्हतं. लेकीला दात येताहेत, माझी दाढ सडतेय. आम्ही दोघी आळीपाळीनं रडतो. तिला निदान कुणीतरी उचलून घेतं.

बाहेर बाकावर सासूबाई तिला घेऊन बसल्या होत्या. मी आत येताना म्हणाल्या होत्या, "बाळंतपण निभावलंस आणि दाढेला भितेस? कमाल आहे बाई!"

"आई, बाळंतपणात पळायची सोय नव्हती."

त्या खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. खरंच तेवढंच कारण होतं.

खुर्ची मागे झुकली. अंगावर पाजते, इंजेक्शन चालेल ना? चालेल. नक्की? नक्की. तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात बाईंनी स्टूल जवळ ओढलं आणि मास्क खाली केला. "हे बघा. दुखलं, भीती वाटली, नुसतं नको झालं, तरी डावा हात वर करा. मी थांबेन."

म्हणायला काय जातं! घरी मी "जरा थांबा" म्हणते तेव्हा लेक थांबत नाही, दूध उतू जायचं थांबत नाही, आणि नवरा "हो हो" म्हणत बोलतच राहतो.

बाईंनी हिरडीला आधी मलम चोळलं. सुई मला दिसलीच नाही. हळूहळू गाल जड झाला, परक्याचा असल्यासारखा. मशीन घुंईं करत सुरू झालं. दुखत नव्हतं. तरी मी हात वर केला.

आवाज बंद.

"दुखलं?"

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी तोंडातली नळी काढली. "मग?"

"थांबता का ते बघत होते."

आता चिडणार, असं वाटलं. "बघा की," त्या म्हणाल्या. "अजून एकदा बघायचंय?"

"हो."

पुन्हा घुंईं, पुन्हा हात, पुन्हा शांतता. मग आणखी एकदा. या वेळी त्यांची नजर घड्याळाकडे गेलेली मी टिपली. बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. पण थांबल्या. त्यानंतर परत हात उचलायचं मनात आलं आणि मलाच कंटाळा आला. भ्यायलासुद्धा जोर लागतो.

तेवढ्यात बाहेर लेक रडायला लागली. भुकेचं नव्हे, झोपेचं रडणं, मला कळतं. बाई आपणहून थांबल्या. "जाऊन येताय?"

पळायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. कुणी नावं ठेवली नसती, उलट आईची माया म्हणून कौतुकच झालं असतं. मी दाराकडे पाहिलं. मग तोंड उघडलं, जितकं उघडेल तितकं.

"आली हं, आलीच आई!" सासूबाई बाहेरून तिला सांगत होत्या. मी जात नव्हते. रडणं टिपेला गेलं. माझा पान्हा सुटला, कुर्ता ओला झाला. दाढेतून जळकट वास येत होता. सासूबाईंच्या चपला या टोकापासून त्या टोकापर्यंत फटफटत राहिल्या. मग रडण्याला हुंदके लागले, मग नुसते हुंदकेच.

"झालं. राहिली दाढ," बाई म्हणाल्या. "पक्की भरायला पुढच्या आठवड्यात या."

पुन्हा यायचं! पाय ओढत बाहेर आले. लेक आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"एवढ्याशा दाढेला एवढा वेळ?" सासूबाई कुजबुजल्या.

उत्तर द्यायला गेले तर बधिर ओठातून लाळ हनुवटीवर ओघळली. त्यांनी लेकीच्या गळ्यातल्या लाळेऱ्याचं टोक ओढून ती पुसली.

"बस जरा," म्हणाल्या. "हिला आत्ता घेऊ नकोस."

मी बाकावर टेकले आणि डोळे मिटले.