पुरणपोळीचा पोळपाट

आमच्या प्रवासी जीपमधला वूफरचा, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या स्पीकरचा, खोका माझ्या बाबांनी केलेला. बाबा म्हणजे हरसूलचे सावळीराम मिस्तरी. जुन्या दाराचं सागवान, एकही खिळा न मारता नुसत्या सांध्यांवर उभं केलेलं. नाशिक-हरसूल रस्त्याचे सगळे खड्डे त्याने खाल्ले, पण कधी कुरकुरला नाही. स्टँडवरच्या बाकीच्या जीपांत बाजारचे तयार डबे होते. त्यामुळे मला जरा तोरा होता, आणि तो असायलाच हवा होता.

२००३च्या उन्हाळ्यात आतला वूफर फाटला. माझा नवरा गोरक्ष नवा आणायला निघाला. मोजायची टेप सापडेना, म्हणून त्याने घरातली ताटं खोक्याच्या भोकाला लावून पाहिली. एक बरोबर बसलं. मग साहेब त्याच ताटात जेवले, ताट मोरीत ठेवलं, आणि निघताना मांडणीवरचं दुसरंच उचलून नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानात गेले.

नवा वूफर खोक्यावर ठेवला तर सरळ आत पडला. पॅकिंग फोडलेला माल परत घेणार नाही म्हणून दुकानदाराने हात वर केले आणि वर सल्ला दिला, लाकडी खोका टाका, या मापाचा तयार डबा घ्या.

"तसंच करू," गोरक्ष म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "माप चुकलं तुझं, आणि टाकायचा बाबांचा खोका? रविवारी येतायत ते. आल्या आल्या आधी खोक्यावर हात फिरवतात, मग माझ्याशी बोलतात. काय दाखवशील? रेक्झिनचा डबा?"

हात थरथरायला लागल्यापासून बाबांनी रंधा सोडला होता. कानही गेले होते. हा खोका म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं काम.

भोक लहान करायला जाड, गोल लाकडी कडं हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि माझा मोठा पोळपाट घेऊन आले. शिसवी, पुरणपोळीचा. माझ्या लग्नात बाबांनी करून दिलेला.

"मैना, तो नको," गोरक्ष घाबरून म्हणाला. "आणि कापणार कोण?"

"मी. मिस्तरीची लेक आहे मी."

आधी पोळपाटाचे पाय कापले. मधे गिरमिटाने भोक पाडलं, बारीक करवत हळूहळू गोल फिरवली. कानशीने कड साफ केली. कड्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, कारण फटीतून हवा सुटली की आवाज फाटतो. मग स्क्रू आवळले. वूफर असा बसला, जणू खोका त्याच्यासाठीच केला होता. दारातल्या जीपमध्ये खोका बसवून पहिलं गाणं लावलं तेव्हा घरातल्या मांडणीवरची ताटं थरथरली. त्यांना तेवढी शिक्षा हवीच होती.

रविवारी बाबा हरसूलहून आले. स्टँडवरच त्यांनी जीपचं मागचं दार उघडायला लावलं. गाणं चालू होतं, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. ठोका हाताला लागला तसे हसले. मग बोटं कड्यावर गेली आणि थांबली.

"ह्यो पोळपाट माझा हाय," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"कोणी कापला?"

मी छातीवर हात ठेवला. त्यांनी कड पुन्हा चाचपली, सांधा नखाने पाहिला. नख कुठे अडकलं नाही.

"मंग पोळ्या कशावर लाटती आता?"

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "जावयाच्या ताटावर! उलटं करून!"

बाबा खदखदून हसले. गोरक्ष टायर बघायला खाली वाकला. मग बाबा स्टँडवरच्या लोकांकडे वळले. ऐकू न येणारी माणसं स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते जाणत नाहीत.

"ही माझी पोर! म्या रंधा सोडला, तिनं धरला! लय मोठी मिस्तरी हाय ही!"

वूफर पूर्ण आवाजात वाजत होता, तरी त्यांचं बोलणं स्टँडवर सगळ्यांना ऐकू गेलं.