घरच्यांचा फोटो, सगळ्यांचा फोटो

३१ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ. सिदोनियाने आईच्या थडग्यावर बसवायचा चिनीमातीचा लंबगोल फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मार्गिताआत्या खसखशीची पोळी कापत होती. सुरी थांबली.

"जरा उजळ करून आण, म्हटलं होतं ना?"

"आई अशीच होती, आत्या."

"ते गावाला ठाऊक आहे. दगडावर कशाला? उद्या सर्व संतांचा दिवस, सगळे थडग्यांवर मेणबत्त्या लावायला येतील. आमच्या आईबापाच्या शेजारी आहे ती."

आई, आरांका, रंगाने सावळी, गावाबाहेरच्या रोमा, म्हणजे लोक जिप्सी म्हणून हिणवतात त्यांच्या, वस्तीतली. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या स्लोव्हाक घरात आली. तेव्हापासून प्रत्येक कार्याला दोन फोटो निघत: आधी 'घरच्यांचा', मग 'सगळ्यांचा'. पहिल्याच्या वेळी तिला कुणी बाजूला हो म्हणत नसे. ती आपणच कॉफी ठेवायला आत जाई. भिंतीवर पहिलेच लागले. दुसऱ्या फोटोंच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यात पडून राहिल्या. हा चेहरा त्यातलाच.

सिदोनियाचा कोशित्से शहरात फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या भिंतीवरही आई नाही. कुणी विचारलं, तर 'आईकडचे हंगेरियन' असं ती सांगत आली होती.

"तुला बापाचा रंग मिळालाय," आत्या म्हणाली. "नशीब समज. तुझ्या गिऱ्हाइकांना कळलं तर?"

"कळू दे."

"मोठी शहाणी! मातेय, बोल की लेकीला!"

टेबलाशी बसलेल्या बाबांनी फोटो उचलला, पाहिला, खाली ठेवला. "चांगला आलाय," ते म्हणाले. "पण मार्गिता म्हणते तेही..."

अकरा वाजता सिदोनियाने स्वतःच्या हाताने तो दगडावर चिकटवला.

१ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन, दफनभूमी. फोटोपुढे शेवंतीची भलीमोठी कुंडी, चेहरा झाकलेला. सिदोनियाने ती बाजूला ठेवली. नळावरून पाणी घेऊन येईपर्यंत कुंडी पुन्हा जागेवर.

"फुलंसुद्धा खुपतात का तुला?" आत्या म्हणाली.

सिदोनियाने वाटेच्या मधोमध तिकाटणं रोवलं, कॅमेरा चढवला. बायका वळून पाहू लागल्या.

"आज एकच फोटो निघेल, सगळ्यांचा," ती म्हणाली. "माझ्या स्टुडिओत, दारासमोर लागेल. बाबा, कुंडी तुम्ही हलवा."

"मातेय, लोक बघताहेत," आत्या म्हणाली, आणि फाटकाकडे चालू लागली.

चारला पाच मिनिटं कमी. उजेड आणखी थोडाच वेळ आहे. बाबा वाकले आहेत. दोन्ही हात कुंडीवर आहेत. कुंडी अजून उचललेली नाही.