बोरन्हाणाचा फोटो

"बेटी, फोटो मत निकालो," शेजारच्या हाफिजाखालांनी दोनदा सांगितलं होतं. पर्णिकाने मनावर घेतलं नाही. असेल त्यांच्यातला पडदा. आणि फोटोत कुठे बायका आहेत? खालांचे यजमान हमदुल्लाचाचा तेवढे.

दुबईजवळच्या रास अल खैमात बोरं मिळाली नाहीत म्हणून खालांनीच गावची सुकी तुती आणली होती. हलव्याचे दागिने घालून तीन वर्षांचा विघ्नेश पाटावर बसला आणि चाचांनी हसत पहिली ओंजळ त्याच्या डोक्यावर ओतली. "नो चाचा, नो!" पोरगं खिदळलं. पर्णिकाने ते नेमकं टिपलं, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मंडळाने फेसबुकवर चढवलं, बिल्डिंगच्या नावासकट.

चाचा टाइल्सच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळतात, एवढंच तिला ठाऊक. त्यांच्या देशात युद्ध पेटलेलं. त्यात आपल्या मूठभर जमातीसाठी स्वायत्तता मागणारा पुढारी तो हाच, हे तिला आठवड्याने कळलं. सरकारला तो नको होता, बंडखोरांनाही. त्याच्या माणसांना मात्र वाटे, तो जवळच्याच खोऱ्यात लपलाय. फोनवर रोज येणाऱ्या त्याच्या आवाजावर ती माणसं तग धरून होती.

फोटो तिथवर पोचला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आमची पोरं मरतात, नेता परदेशात मेजवान्या झोडतो.'

"चाचा, मैंने डिलीट कर दिया, सच्ची!" पर्णिका दारातच रडायला लागली.

"खलास, बेटी." चाचा बॅग भरत होते. "झूठ मेरा था. अब वहीं जाकर मुँह दिखाना है."

खाला भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दो बार बोला था मैंने."

त्याला अकरा आठवडे झाले. फोनवर चाचांचा आवाज पहिले तीनच दिवस आला.

खाला पर्णिकाला दार उघडत नाहीत. ती रोज कडीला डबा अडकवते. पूर्वी तो कधी रिकामा परत आला नाही, चार अक्रोड तरी असायचेच. मग नुसता धुतलेला यायचा. रविवारपासून तो भरलेलाच लटकतोय, आणि आज बुधवार. वॉचमन म्हणतो, "मॅडम, अंदर ही होंगी."

शेवटी तिने त्याच ग्रुपवर लिहिलं, "हे वाचणारे तुम्ही जे कुणी असाल, जवळपास राहत असाल तर फ्लॅट ३०४ची बेल वाजवून बघा. माझं नाव सांगू नका. आणि प्लीज, फोटो काढू नका."