गाळलेली ओळ

डॉक्टरनं माझ्या नवऱ्याच्या मेंदूचा स्कॅन दाखवला. म्हणे, "इनको अब कुछ समझ नहीं आता." मुलगा अश्वजीत लगेच म्हणाला, "आई, आपण आत्मा मानतच नाही. मेंदू गेला म्हणजे बाबा गेले."

आत्मा मी बी नाही मानत. पण त्या काळ्या फोटोवरही माझा भरवसा नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या, चेरीतालच्या बौद्ध विहारात वंदनेची ओळ कोणी गाळली की हे बोटानं टकटक करत. संध्याकाळी यांच्या खाटेजवळ बसून मी मुद्दाम ओळ गाळली. बोट वाजलं. वंदना नीट म्हटली, तर बोट गप्प.

"रिफ्लेक्स आहे," अश्वजीत म्हणाला.

असेल. कालपर्यंत यांच्या उशाशी बसूनच, यांना ठेवायचं म्हणून वृद्धाश्रमवाल्यांशी फोनवर बोलायचा. मग आज अंगणात जाऊन काहून बोलून राहिला?