झाकलेलं मशीन

धर्मराज शेठचा जीन्सचा कारखाना म्हणजे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातली एक लांबट खोली आणि दहा शिलाई मशिनं. नऊ मशिनांवर माणसं असायची. दहाव्यावर चादर. ती चादर धुऊन पुन्हा घालायचं काम मालिनी करायची, कारण ते मशीन तिच्या नवऱ्याचं होतं.

म्हणजे मालकीचं नव्हे हो. अनंता त्या मशीनवर बसून वर्षानुवर्षं पॅन्टींना कमरेचा पट्टा लावत आला होता, म्हणून त्याचं. लॉकडाऊननंतर कारखाना उघडला तेव्हा माल उचलायला कुत्रं येत नव्हतं. शेठने अनंताला घरी बसवला. पण माणूस गोड. स्वतःच्या हाताने मशीनवर चादर घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अनंता, धंदा पहिल्यासारखा होऊ दे. ही चादर तूच काढायची. तोवर इथे दुसरा कोणी बसणार नाही." अनंताने त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

आता पट्टे कोण लावणार? शेठ अंबरनाथहून एका पोराला बोलवायच्या बेतात होता. मालिनीने ते ऐकलं. एकदा बसलेला माणूस पुन्हा उठतो का कधी? ती शेठसमोर जाऊन उभी राहिली. "माणूस नका आणू शेठ. मी शिवणी मारतेच आहे, पट्टेही मीच लावीन. पट्ट्यांचं जे द्याल ते द्या."

शेठने अर्ध्या दराने दिलं. द्यायचंच होतं त्याला.

तिचा हिशेब अगदी सरळ होता बिचारीचा. माल लवकर निघाला की गिऱ्हाईक परत येईल, गिऱ्हाईक आलं की धंदा पहिल्यासारखा होईल, आणि तो झाला की हे कामावर. बाई भूत लागल्यासारखी शिवायला लागली. चहा शेजारी गार व्हायचा. लघवीला जायचं म्हणून पाणी प्यायची नाही. मान अशी धरायची की घरी जाताना बदलापूरला लोकलमधून उतरल्यावर मागून कोणी हाक मारली तर तिला अख्खं अंग वळवावं लागायचं.

बदलापूरच्या शिरगावातल्या घरात अनंता वाटच बघत असायचा. ती चप्पल काढते न काढते तोच विचारायचा, "आज किती टेम्पो गेले?"

"एक."

"आधी दिवाळीच्या तोंडाला तीन जायचे," तो म्हणायचा आणि आपली कात्री पुसून तेल लावून पुन्हा फडक्यात गुंडाळायचा. मधे अंबरनाथच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलं. गेला नाही. "माझी जागा आहे तिकडे. शेठने धरून ठेवलीय," असं तो चाळीत सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती फुगायची. मालिनीला त्या फुगलेल्या छातीसाठीच सगळं सोसायचं होतं.

एक दिवस तीन टेम्पो गेले. मालिनी धावतच शेठच्या टेबलापाशी. "शेठ, पहिल्यासारखं झालं."

"टेम्पो झाले वहिनी, पण भाव कुठाय पहिल्यासारखा?"

पुढच्या वर्षी भावही आला. तर म्हणे, आधी रोख मिळायचे, आता उधारी. त्याच्या पुढच्या वर्षी गल्लीत चौथा टेम्पो उभा राहिला, शेठने पालेगावात नवा फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला सगळ्यांना जेवायला घातलं. मालिनीने जिलेबी वाढता वाढता पुन्हा विषय काढला. शेठने सुस्कारा सोडला. "धंद्याचं सोडा वहिनी. आधीसारखी झोप लागते का मला, विचारा हिला." घ्या. आता याची झोप कुठून आणायची मालिनीने?

यंदाच्या दसऱ्याला मात्र शेठचा स्वतःचा फोन आला. अनंताला घेऊन या.

अनंताने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कात्री खिशात घेतली. कारखान्यात मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शेठ म्हणाला, "ये अनंता. काढ चादर."

अनंताने चादर काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मशीनला फूल वाहिलं, स्टुलावर बसला आणि हाताने चाक फिरवून बघितलं. मालिनीला रडू आवरेना.

शेठने घसा साफ केला. "आज आनंदाने सांगतो. आपण लॉकडाऊनच्या आधी होतो त्याच्याही पुढे गेलो. आणि गेलो ते या वहिनींमुळे. दोघांचं काम एकटीने ओढलं. दहाव्या माणसाची गरजच पडू दिली नाही." त्याने तिच्या हातात साडीचं पाकीट ठेवलं. "या मशीनला गिऱ्हाईक मिळालंय, उद्या नेतील. म्हटलं, शब्द दिलाय, चादर अनंताच काढेल."

अनंताचा हात चाकावर तसाच राहिला.

"शेठ," मालिनी म्हणाली, "तुम्ही यांना परत घेणार होतात."

शेठला खरोखरच नवल वाटलं. "अहो, घेतलं तर पुन्हा आधीसारखंच होईल की. दहा जणांचं देऊन मला काय उरायचं तेव्हा? तुम्ही दोघांचं काम दीड माणसात करता, म्हणून तर चाललंय हे सगळं." आणि त्याने आपट्याची पानं दोघांच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या."

घरी आल्या आल्या अनंताने इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला टांगला. कात्री ट्रंकेत तळाशी टाकली. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला एवढं पळायला कोणी सांगितलं होतं?"

"तुमच्यासाठीच केलं ना मी."

"माझ्यासाठी करायचं होतं तर हळू शिवायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी मशीन गेलं. रिकाम्या कोपऱ्यात शेठने कापडाचे तागे लावून घेतले. मालिनीने सकाळी मनाशी पक्कं ठरवलं, आजपासून हात सैल सोडायचा, बघू दे शेठला माणूस लागतो की नाही. पहिलं बंडल तिने रमतगमत केलं. पण पट्ट्यांचा दर अजून अर्धाच होता आणि शिरगावात आता भाकरीकडेही न बघणारा एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्या बंडलाला तिचा पाय आपोआप दाबला गेला. जेवणाच्या सुट्टीत शेठ तिच्या मागून गेला, पीस बघितले आणि परवाच्यापेक्षा चार जास्त झाले म्हणून शाबासकी देऊन गेला.