सात नंबरची सही

लेकीने गाडी वळवली आणि शेजारच्या सीटवरच्या कोंबड्याने मान फिरवली. समोर तेच रेल्वे हॉटेल!

"बाबा, सरप्राइज!" लेक म्हणाली. "पडायला आलं होतं, आता कसं नवंकोरं केलंय बघा. आज मुक्काम इथेच."

"पुढे जाऊ या की. इथे काय ठेवलंय?" तो पुटपुटला.

मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला बघायचंय. हे शेवटचे इथेच झोपले होते."

झालं! लेकीने गाडी आत घेतली.

कोंबडा हे काही त्याचं नाव नव्हे. तरुणपणी तो इथे रेल्वेचा कॉलमन होता. वरच्या मजल्यावर ड्रायव्हर विश्रांती घ्यायचे आणि गाडीच्या वेळेआधी त्यांना उठवायचं हे याचं काम, म्हणून कोंबडा. नियम कडक होता. ड्रायव्हरने उठून दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि कॉल बुकात स्वतःच्या हाताने वेळ लिहून सही करायची. सही म्हणजे माणूस जागा आणि धडधाकट. सही नसली तर दुसरा ड्रायव्हर शोधा, म्हणजे गाडी लेट. आणि कोंबड्याच्या हातून एकही गाडी लेट गेली नव्हती. काय ती मिजास मेल्याची!

एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी सात नंबरच्या खोलीत त्याचा सख्खा थोरला भाऊ तापाने फणफणला होता. "आज नको रे, मला आजारी दाखव," म्हणाला. याने ऐकलं नाही. तोंडावर पाणी मारलं, बूट चढवले. दादाला पेन धरवेना, तेव्हा सही यानेच ठोकून दिली. तासाभरात दादाने लाल सिग्नल ओलांडला आणि गाडी उभ्या मालगाडीवर घातली. स्वतः गेला, आणखी चार माणसं गेली. चौकशीवाल्यांनी बुक उघडलं. सही आहे, म्हणजे ड्रायव्हर ठीक होता, म्हणजे चूक त्याचीच.

कोंबडा गप्प बसला. आज सांगू, उद्या सांगू करत एकतीस वर्षं गप्प बसला. लोक वहिनींना तोंडावर म्हणायचे, हिच्या नवऱ्याने चौघांना मारलं. नवऱ्यावरचा ठपका पुसला जावा म्हणून त्या दरवर्षी रेल्वेकडे अर्ज करायच्या. आणि अर्ज लिहायचा कोण? तर हाच! वहिनींचा हात थरथरायचा, म्हणून खाली त्यांची सहीसुद्धा हाच करायचा.

वर सात नंबरच्या खोलीत गुळगुळीत पलंग, पितळी दिवा आणि काचेच्या पेटीत उघडं ठेवलेलं कॉल बुक. 'अपघाताच्या दिवसाचं पान' अशी पाटीसुद्धा. चौकशीत ते वहिनींना कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, काचेवर वाकल्या, सात नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"भाऊजी, हे अक्षर तुमचं आहे."

"काहीतरीच काय काकू!" लेक हसली.

"एकतीस अर्जांच्या नकला आहेत माझ्या ट्रंकेत. मला कळत नाही होय?" वहिनी त्याच्याकडे वळल्या. "उठले होते का ते?"

"ताप होता," तो कसाबसा म्हणाला. "नको म्हणत होता दादा. मी पाठवला."

लेकीचं हसू विरलं.

"आणि माझे अर्ज लिहिताना एकदासुद्धा हात अडखळला नाही तुमचा?"

अडखळला नव्हता, हेच खरं होतं. अक्षर चांगलं येतं म्हणून उलट त्याला बरं वाटायचं. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि ढसाढसा रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्या जिना उतरू लागल्या, तशी लेक बापाला उठवून मागोमाग घेऊन आली.

खाली मॅनेजर पाहुण्यांची वही घेऊन उभाच होता. "जुने कर्मचारी ना तुम्ही? सही हवीच!" कोंबड्याने यंत्रासारखी सही केली आणि सवयीने पेन खालच्या ओळीवर नेलं, वहिनींच्या नावाला.

वहिनींनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"माझी मी करते."

हात थरथरत होता, अक्षरं ओळ सोडून पळत होती. सगळे थांबले. नाव पुरं झाल्यावर त्यांनी पेन मॅनेजरच्या हातात दिलं आणि लेकीला म्हणाल्या, "मला बस स्टँडवर सोड गं."